बुद्धिबळाच्या पटावरील संख्या

बुद्धिबळाचा खेळ शोधून काढणाऱ्या विद्वानाची गोष्ट ज्याने लहानपणी ऐकली नाही, असा सुशिक्षित मनुष्य आपल्याकडे विरळाच. राजा प्रसन्न होऊन ‘माग’ म्हणाला. विद्वानाने पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, ह्याप्रमाणे दुप्पट करीत चौसष्टाव्या घरापर्यंत जितके दाणे होतील तितके मागितले. राजा हसला, कोठारी हिशेबास बसला, आणि थोड्याच वेळात राजाचे हसू मावळले. गोष्ट येथे संपते. सांगणाऱ्यास ती संख्या बहुधा पाठ नसते आणि ऐकणाऱ्यास ती विचारावीशी वाटत नाही. ‘पुष्कळ’ ह्या एका शब्दावर दोघांचेही समाधान होते. आम्हांस मात्र असे वाटते की, गोष्ट जेथे संपते तेथेच त्या संख्येच्या खऱ्या चरित्रास आरंभ होतो. ती किती मोठी आहे ही तिच्याविषयीची सर्वांत सामान्य बाब होय. ती कशाची घडलेली आहे, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे, आणि तो विचारण्यास मनुष्यजातीस फार काळ लागला.

प्रथम ती संख्या वाचकांपुढे ठेवतो: १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. हे वीस अंक झाले. भास्कराचार्यांनी लीलावतीत एक, दश, शत, सहस्र अशी जी अठरा स्थानांची नावे दिली आहेत, त्यांतील शेवटले परार्ध. म्हणजे एकावर सतरा शून्ये. आपल्या नित्याच्या बोलण्यात परार्ध म्हणजे मोजण्याची परिसीमा. परंतु ही संख्या १८४ परार्धांहूनही अधिक भरते. गव्हाच्या हजार दाण्यांचे वजन सुमारे ४० ग्रॅम धरले, तर राजाचे देणे ७३,००० कोटी टनांवर जाते. आज साऱ्या पृथ्वीवर वर्षाकाठी जो गहू पिकतो तो सुमारे ८० कोटी टन आहे. तेव्हा आजच्या सुधारलेल्या शेतीनेही हे ऋण फेडण्यास नऊशे वर्षे पुरणार नाहीत. मोठेपणाविषयी इतके पुरे.

कथा हिंदुस्थानची म्हणून सांगितली जाते खरी. पण तिची जुनी लेखी रूपे आपणांस अरबी ग्रंथांत आढळतात. नवव्या शतकातील इतिहासकार याकूबी ह्याने ती दिली आहे. तेराव्या शतकातील प्रसिद्ध चरित्रकार इब्न खल्लिकान ह्याने ती विद्वान सिस्सा आणि राजा शिहराम ह्यांच्या नावांवर सांगितली आहे. ह्या इब्न खल्लिकानाची एक गोष्ट आम्हांस फार आवडते. हा हिशेब त्यास प्रथम पटेना. पुढे अलेक्झांड्रियाच्या एका हिशेबनिसाने कागदावर मांडून दाखविला तेव्हा त्याची खात्री झाली, आणि हे त्याने मोकळेपणाने लिहून ठेवले. दुपटीच्या वाढीपुढे बुद्धिमान मनुष्याचीही कल्पना पांगळी पडते, ह्याला ह्याहून चांगला साक्षीदार कोणता पाहिजे?

पण ह्या संख्येचा पूर्ण आणि शास्त्रशुद्ध हिशेब त्याच्याही आधी, इसवी सन १००० च्या सुमारास, अल्-बिरूनी ह्याने आपल्या कालगणनेवरील ग्रंथात केलेला आहे. हाच गृहस्थ पुढे गझनीच्या महमुदाच्या काळात हिंदुस्थानात आला व येथील शास्त्रांवर त्याने मोठा ग्रंथ लिहिला. परंतु पटाचा हिशेब त्या आधीचा. चौसष्ट घरे भरीत बसण्याची त्याला गरज पडली नाही. कोणत्याही घरातील संख्येचा वर्ग केला असता पहिल्या घरापासून दुप्पट अंतरावरील घराची संख्या मिळते, आणि कोणत्याही घरापर्यंतची बेरीज पुढील घराच्या संख्येपेक्षा एकाने कमी असते, ह्या दोन नियमांवर त्याने काम भागविले. १६ चा वर्ग, त्याचा वर्ग, पुन्हा वर्ग, पुन्हा वर्ग, आणि शेवटी एक वजा, संपले. नंतर वाचकास ह्या राशीची कल्पना यावी म्हणून तो तिला थैल्यांत, खेचरांच्या ओझ्यांत, तांड्यांत आणि नद्यांच्या खोऱ्यांत विभागीत विभागीत अखेर २,३०५ पर्वतांवर आणून ठेवतो. गणिती मनुष्यातही कवी दडलेला असतो तो असा.

अल्-बिरूनीची ही वर्ग करण्याची युक्ती आपल्याकडे त्याच्या कितीतरी शतके आधी माहीत होती, आणि ती धान्याच्या कोठारात नव्हे तर छंदःशास्त्रात सापडली. पिंगलाचा काळ इसवी सनापूर्वी दोन-तीनशे वर्षांच्या सुमारास मानतात. अमुक अक्षरांच्या चरणात लघुगुरूंचे किती प्रकार संभवतात, हा त्याचा प्रश्न होता. प्रत्येक अक्षराला लघु किंवा गुरु असे दोनच मार्ग. म्हणून अक्षरे वाढतील तसे प्रकार दुप्पट होत जाणार, हे उघड आहे. त्याने सांगितलेली रीत अशी: अक्षरसंख्या सम असेल तर अर्धी करावी आणि ‘दोन’ ही खूण लिहावी; विषम असेल तर एक वजा करून ‘शून्य’ ही खूण लिहावी; शेवट झाला की उलट क्रमाने परतावे, शून्यापाशी दुप्पट करावी व दोनापाशी वर्ग करावा. चौसष्टास ही रीत लावली तर एक वेळ दुप्पट आणि सहा वेळा वर्ग, एवढ्यात काम होते: २, ४, १६, २५६, ६५,५३६, मग ४,२९,४९,६७,२९६, आणि सातव्या पावलास पटाच्या संख्येहून एकाने मोठी संख्या हाती येते. चौसष्ट अक्षरांचा चरण घेतला तर त्याचे जितके प्रकार, त्यांतून सर्व गुरूंचा एक प्रकार सोडला की बाकी राहील ती आपली संख्या. तिला लघुगुरूंच्या भाषेत लिहावयाचे झाल्यास एकच चिन्ह चौसष्ट वेळा काढले की पुरे.

भास्कराचार्यांनीही लीलावतीत (इ.स. ११५०) श्रेढीच्या प्रकरणात हीच वर्ग आणि गुणक मांडण्याची रीत दिली आहे आणि तिच्यासाठी एक सुंदर उदाहरण घातले आहे. कोणी दाता याचकास पहिल्या दिवशी दोन कवड्या देतो आणि रोज दुप्पट देण्याचे वचन देतो. तर महिन्यात त्याने किती निष्क दिले? उत्तर २,१४,७४,८३,६४६ कवड्या, म्हणजे १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. बिचाऱ्या दात्याचे काय झाले हे आचार्य सांगत नाहीत. आमच्या धर्मशास्त्रकारांनी दामदुपटीचा नियम करून, एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलाहून अधिक होता कामा नये असे ठरविले, त्यामागे दुपटीच्या ह्या भयंकर स्वभावाची काही ओळख असावी असे वाटल्यावाचून राहत नाही. असो. वरील कवड्यांची संख्या वाचकांनी लक्षात ठेवावी. तिच्या शेजारणीशी आम्हांस पुढे काम पडणार आहे.

भास्कराचार्य हे सह्याद्रीच्या आश्रयाने राहणारे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव ह्याने मठ स्थापिल्याचा लेख खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. तो इ.स. १२०७ च्या सुमाराचा असून डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांनी तो विद्वानांच्या नजरेस आणला. महाराष्ट्राच्या भूमीवर गणिताच्या अभ्यासासाठी दिलेले हे दान आमच्या तरुणांच्या पाठ्यपुस्तकांत ठळकपणे असावे असे आमचे मत आहे.

आता त्या संख्येचे पोट उघडून पाहू. ह्यासाठी लागणारे हत्यार लीलावतीतच आहे: दोन राशींच्या वर्गांचे अंतर त्यांची बेरीज व वजाबाकी ह्यांच्या गुणाकाराएवढे असते. दोहोंचा चौसष्टावा घात हा बत्तिसाव्या घाताचा वर्ग. आणि एक हा एकाचाच वर्ग. म्हणून पटाची संख्या म्हणजे ‘बत्तिसावा घात अधिक एक’ गुणिले ‘बत्तिसावा घात उणे एक’. ह्यातील दुसऱ्या गुणकाचे पुन्हा तसेच दोन तुकडे पडतात. त्यांतील दुसऱ्याचे पुन्हा. असे करीत गेले म्हणजे एकामागून एक सहा गुणक गळून पडतात: ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७. ह्या सहांचा गुणाकार म्हणजे आपली संख्या. ज्या राशीपुढे कल्पना थकते ती अशी अर्ध्या घटकेत मोकळी होते.

हे सहा गुणक आणखी फुटतात की नाही? एक आणि ती स्वतः ह्यांखेरीज ज्या संख्येस भाजक नाही तिला मूळ संख्या म्हणतात, आणि जिला असे भाजक आहेत ती संयुक्त. प्रत्येक संयुक्त संख्या मूळ संख्यांच्या गुणाकाराने, आणि एकाच प्रकाराने, घडते. रसायनशास्त्रात मूलद्रव्यांचे जे स्थान, तेच अंकगणितात मूळ संख्यांचे. ३, ५, १७ ह्यांविषयी प्रश्न नाही; २५७ पाच मिनिटांत तपासून होते; ६५,५३७ ला थोडे अधिक श्रम पडतात; आणि ह्या पाचही मूळ ठरतात. सहावीपाशी मात्र एका थोर माणसाची फसगत झालेली आहे.

फ्रान्सातील तूलूझ येथील न्यायाधिकारी पिएर फेर्मा हा गणित केवळ छंद म्हणून करी. पण त्या छंदातून त्याने अंकशास्त्रास नवा जन्म दिला. इ.स. १६४० मध्ये मित्रांस लिहिलेल्या पत्रांत त्याने असे मत दिले की, दोहोंपासून आरंभ करून वर्गाचे वर्ग करीत जावे आणि प्रत्येकात एक मिळवावा, म्हणजे ३, ५, १७, २५७, ६५,५३७, ४,२९,४९,६७,२९७ आणि त्यापुढील सर्व संख्या मूळ असतात. सिद्धता आपल्यापाशी नाही हे त्याने कबूल केले. पण विश्वास सोडला नाही. ह्याच संख्या आपल्या पटातून गळून पडल्या होत्या, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. धान्याच्या गोष्टीतील राशी आणि फेर्माचे स्वप्न ही दोन्ही एकाच दगडाची निघाली.

फेर्मा १६६५ मध्ये वारला. नंतर १७२९ च्या डिसेंबरात गोल्डबाख ह्याने तरुण ऑयलरास पत्रातून विचारले की, फेर्माचे हे म्हणणे तुझ्या पाहण्यात आले आहे काय? ऑयलराने प्रथम फारसे मनावर घेतले नाही. पण १७३२ मध्ये त्याने सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे जाहीर केले की, सहावी संख्या मूळ नाही. तिला ६४१ ने निःशेष भाग जातो आणि भागाकार ६७,००,४१७ येतो. हे त्यास कसे सापडले ते त्याने पुढे एका नियमाच्या रूपाने सांगितले. ह्या सहाव्या संख्येस भाजक असलाच, तर तो चौसष्टाच्या पटीहून एकाने अधिक असला पाहिजे, असा तो नियम. अशा मूळ संख्या ओळीने १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्या प्रयत्नासच किल्ला पडला!

ज्यांस भागाकार करून पाहण्याचा कंटाळा असेल त्यांच्यासाठी एक फार चतुर पडताळा आहे. ६४१ म्हणजे ६४० अधिक १, आणि ६४० म्हणजे ५ गुणिले दोहोंचा सातवा घात. ६४० ही संख्या ६४१ हून एकाने उणी. म्हणून तिचा चतुर्घात केल्यास ६४१ ने भागून बाकी १ उरेल. तो चतुर्घात म्हणजे ६२५ गुणिले दोहोंचा अठ्ठाविसावा घात. आता ६२५ ही संख्या ६४१ हून १६ ने उणी आहे. म्हणून भागाकारापुरते तिच्या जागी उणे १६ घेता येतात. १६ म्हणजे दोहोंचा चौथा घात. तो अठ्ठाविसाव्यात मिळाला की बत्तिसावा होतो. तेव्हा उणे बत्तिसाव्या घाताची बाकी १. म्हणजेच बत्तिसावा घात आणि एक ह्यांची बेरीज ६४१ ने निःशेष भागली जाते. कागदास पेन्सिल न लावता दहा अंकी संख्येचा भाजक सिद्ध झाला. आमच्या मते गणितातील सौंदर्य ज्यास दाखवावयाचे असेल त्याने त्याला ही चार वाक्ये समजावून द्यावीत.

६७,००,४१७ ही पुन्हा मूळच आहे. तेव्हा पटाच्या संख्येची पूर्ण वंशावळ अशी: ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७. सात मूळ संख्या, प्रत्येक एकेकदाच. तीवरून पुष्कळ गोष्टी आपोआप निघतात. सात भिन्न गुणकांतून घ्यावे वा सोडावे असे १२८ मार्ग निघतात. म्हणून तिचे भाजक बरोबर १२८. कोणताही गुणक दोनदा येत नाही. म्हणून एकाखेरीज कोणत्याही वर्गाने ती भागली जात नाही. ग्रीकांनी, विशेषतः इ.स. १०० च्या सुमारास होऊन गेलेल्या निकोमाखस ह्याने, संख्यांच्या तीन जाती सांगितल्या आहेत: स्वतःखेरीजच्या भाजकांची बेरीज संख्येएवढी झाली तर पूर्ण, जशी ६, कमी झाली तर न्यून, जशी ८, जास्त झाली तर अधिक, जशी १२. ह्या जातिव्यवस्थेत आपली संख्या न्यून ठरते. तिच्या भाजकांची बेरीज तिच्या शेकडा सत्तरांहून किंचित अधिक एवढीच होते. ज्या राशीने राजाचे कोठार रिकामे केले ती स्वतः न्यून निघावी, ही मौज आहे.

येथे एक प्रश्न आमच्या पुष्कळ वाचकांच्या मनात उभा राहिला असेल, आणि त्याला बगल देणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. ह्या बाबतीत आमचे पूर्वज कोठवर गेले होते? ह्याची दोन उत्तरे आपल्याकडे नेहमी तयार असतात: सर्व काही त्यांस ठाऊक होते, हे एक; आणि खरे गणित युरोपातच झाले, हे दुसरे. दोन्ही उत्तरे आळसाची आहेत, कारण ग्रंथ उघडून पाहण्याचे श्रम दोन्हींत वाचतात. नारायण पंडिताने गणितकौमुदी हा ग्रंथ इ.स. १३५६ मध्ये लिहिला. त्यात संख्येचे भाजक कसे काढावेत ह्याचे स्वतंत्र प्रकरणच आहे, आणि त्यातील मुख्य रीत वर्गांतराचीच आहे. उदाहरणार्थ ११६१ घ्या. तिच्याहून मोठा असा जवळचा वर्ग ३५ चा, १२२५. अंतर ६४, म्हणजे ८ चा वर्ग. तेव्हा ३५ उणे ८ आणि ३५ अधिक ८, म्हणजे २७ आणि ४३ हे भाजक. अंतर वर्ग न आल्यास पुढचा वर्ग घ्यावा. जवळजवळ तीनशे वर्षांनी फेर्माने हीच रीत शोधली. तिला आज जगात त्याचेच नाव आहे. नारायणाचे नाव तेथे जोडले जावे, अशी मागणी करण्याचा आपणांस अधिकार आहे.

परंतु ही रीत आपल्या सहाव्या गुणकास लावून पाहावी. भाजक जेथे एकमेकांच्या जवळ असतात तेथे ती त्वरित फळते. ६४१ आणि ६७,००,४१७ ह्यांच्यात मात्र अंतर अफाट आहे. पहिल्या वर्गापासून निघून उत्तरापर्यंत पोहोचावयास बत्तीस लक्षांहून अधिक वर्ग तपासावे लागतील. केवळ २, ३, ५, ७ अशा मूळ संख्यांनी ओळीने भागीत गेल्यास ६४१ ही एकशे सोळावी लागते. (फेर्मासारख्या मनुष्याने हे एकशे सोळा भागाकार का केले नाहीत, ह्याचे आश्चर्य गणिताच्या इतिहासकारांस आजही वाटते.) आणि ऑयलराचे काम पाच भागाकारांत झाले. बत्तीस लक्ष, एकशे सोळा, पाच: ह्या तीन आकड्यांत सारा फरक साठविलेला आहे. नारायणापाशी रीत होती, आणि ती उत्तम होती. ऑयलरापाशी भाजक कोठे असूच शकत नाहीत हे सांगणारा सिद्धान्त होता. आमच्याकडे कुट्टक, वर्गप्रकृती, प्रस्तार ह्यांत अद्भुत कामे झाली; मूळ संख्यांचा स्वतःसाठी विचार मात्र मुख्य प्रवाहात आला नाही. युक्लिडाचे ग्रंथ, त्यांतील संख्याविषयक अध्यायांसह, जगन्नाथ पंडिताने सवाई जयसिंगाच्या आश्रयाने संस्कृतात आणले ते अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात. म्हणजे इकडे ते काम होत होते त्याच्या आगेमागेच तिकडे ऑयलर ६४१ काढून दाखवीत होता.

फेर्माची सहावी संख्या पडली. पण पहिल्या पाचांचे भाग्य निराळ्याच मार्गाने उघडले. १७९६ च्या मार्चमध्ये, एकोणीस वर्षांचे वय पुरे व्हावयास एक महिना बाकी असताना, गाउस ह्याने शोधून काढले की, केवळ पट्टी आणि कंपास ह्यांच्या साह्याने सतरा भुजांची समभुज आकृती वर्तुळात काढता येते. दोन हजार वर्षे ह्या विषयात कोणी पाऊल पुढे टाकले नव्हते. १८०१ च्या आपल्या ग्रंथात त्याने सर्वसाधारण नियम दिला. भुजांची संख्या विषम असेल तर ती फेर्माच्या मूळ संख्यांपैकी एक किंवा अनेक भिन्न संख्यांच्या गुणाकाराने झालेली असावी. एरवी आकृती निघावयाची नाही. ह्यातील निषेधाच्या भागाची सिद्धता वांट्झेल ह्याने १८३७ मध्ये पुरी केली. आता ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ ह्या पाचांचा गुणाकार करून पाहा. तो ४,२९,४९,६७,२९५ भरतो. आणि पटाच्या पहिल्या चार ओळींवर, म्हणजे अर्ध्या पटावर, नेमके इतकेच दाणे असतात! ह्या अर्ध्या पटाच्या संख्येचे भाजक बत्तीस. त्यांतील एक सोडला तर उरलेले एकतीस म्हणजेच आजवर माहीत असलेल्या, काढता येण्याजोग्या, सर्व विषम भुजांच्या समभुज आकृती. पहिल्या अर्ध्या पटात फेर्माचे खरे ठरलेले अनुमान आहे. साऱ्या पटासाठी त्यास ज्या एका गुणकाने गुणावे लागते, तीच त्याची चूक.

ह्या संख्येभोवती आणखी एक भारतीय कथा जमली आहे, आणि ती आमच्या मासिकांतून, शाळांतून मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. काशीच्या देवळात हिऱ्याच्या तीन सुया आहेत. सृष्टीच्या आरंभी ब्रह्मदेवाने एकीवर सोन्याच्या चौसष्ट चकत्या लहानावर मोठी न येईल अशा रचल्या. पुजारी त्या अहोरात्र दुसऱ्या सुईवर नेत आहेत. आणि काम संपताच प्रलय होणार. चकत्या हलविण्याच्या वेळा मोजल्या तर बरोबर आपलीच संख्या येते. सेकंदास एक चकती हलविली तरी सुमारे ५८,४५० कोटी वर्षे, म्हणजे ४३२ कोटी वर्षांचे १३५ कल्प लागतील. कथा मनोहर आहे. पण ती काशीची नव्हे, फ्रान्सची आहे. एदुआर ल्यूका ह्या गणितज्ञाने १८८३ मध्ये एक लाकडी खेळणे विक्रीस काढले, तेही आपल्या नावाची अक्षरे उलटसुलट करून घेतलेल्या ‘सयामचा क्लाउस’ अशा टोपणनावाने; त्या खेळण्याबरोबर ही कथा जन्मास आली. आमचे म्हणणे एवढेच की, पिंगल आणि नारायण हे खरे धन पदरी असताना, परक्याने गंमतीने दिलेले हे खोटे नाणे आपण देव्हाऱ्यात का ठेवावे?

ल्यूका केवळ खेळणी करणारा नव्हता. १८७६ मध्ये त्याने दोहोंच्या १२७ व्या घातातून एक वजा केला असता येणारी एकोणचाळीस अंकी संख्या मूळ असल्याचे दाखविले. अशा ‘घात उणे एक’ ह्या घराण्यास मेर्सेन ह्या फ्रेंच साधूचे नाव आहे. त्याने १६४४ मध्ये ह्यांतील मूळ कोणत्या ह्याची एक यादी दिली होती, आणि तीही पुढे चुकीची निघाली. घातांक संयुक्त असला की, चौसष्टाप्रमाणे, अशी संख्या निश्चित फुटते. घातांक मूळ असेल तर ती कधी टिकते, कधी नाही. अकराव्या घाताची २,०४७ ही २३ आणि ८९ ह्यांत फुटतेच. आता भास्कराचार्यांच्या त्या कवड्या आठवा: २,१४,७४,८३,६४६. तीत एक मिळवा. जी संख्या होते ती दोहोंचा एकतिसावा घात उणे एक. आणि ती मूळ आहे, हे ऑयलराने १७७२ मध्ये सिद्ध केले. तीपासून युक्लिडाच्या नियमाने एकोणीस अंकांची एक पूर्ण संख्या तयार होते. इंग्रज गणितज्ञ बार्लो ह्याने १८११ मध्ये लिहिले की, ह्याहून मोठी पूर्ण संख्या कधी सापडावयाची नाही, कारण निरुपयोगी कुतूहलापायी इतका खटाटोप कोणी करणार नाही. कुतूहलाची शक्ती त्याने फार कमी लेखली.

उपयोगाचे म्हणाल, तर तोही निघाला. आजची गणनयंत्रे संख्या पिंगलाच्या लघुगुरूंप्रमाणे दोनच चिन्हांनी लिहितात, आणि त्यांतील बहुतेकांच्या एका खणात चौसष्ट चिन्हे मावतात. त्या खणात साठविता येणारी मोठ्यांत मोठी संख्या म्हणजे आपल्या पटाचीच संख्या. जुन्या यंत्रांत १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजण्यास एकतीसच स्थाने राखलेली होती. ती १९ जानेवारी २०३८ रोजी भरून जातील. त्या क्षणी सेकंदांची संख्या लीलावतीतील दात्याच्या कवड्यांहून एकाच कवडीने अधिक असेल.

पटाच्या संख्येची स्वतःचीही एक शेजारीण आहे. तीत दोन मिळविले की फेर्माच्या मालिकेतील सातवी संख्या होते: १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१७. हिचे भाजक क्लाउसेन ह्याने १८५५ च्या आरंभी गाउसास लिहिलेल्या पत्रात कळविले. पण ते पत्र दप्तरात पडून राहिले. १८८० मध्ये लांद्री नावाच्या, ऐंशी वर्षांचे वय उलटलेल्या एका फ्रेंच गृहस्थाने ते स्वतंत्रपणे शोधून प्रसिद्ध केले: २,७४,१७७ आणि ६,७२,८०,४२,१३,१०,७२१. त्यानंतर फेर्माच्या मालिकेत एकही नवी मूळ संख्या सापडलेली नाही. ज्या घाताचा घातांक स्वतः दोहोंचा बत्तिसावा घात आहे तेथवरच्या, पाचव्यापुढील साऱ्या संख्या संयुक्त ठरल्या आहेत. त्यापुढील एकीच्या अंकांचीच संख्या २५८ कोटींहून अधिक असून ती मूळ की संयुक्त, हे आजही कोणास सांगता येत नाही.